डोळ्यातले रक्त ओसरले, तरी आजार ओसरत नाही

रात्रपाळी करून झोपलेला पंचविशीतला एखादा तरुण दुपारी उठतो आणि उजव्या डोळ्यासमोर त्याला काळ्या धाग्यांचे जाळे दिसते. डोळा चोळला, पाणी मारले, तरी जाळे हलत नाही. डोळा दुखत नाही, लालही नाही, आरशात अगदी नेहमीसारखा दिसतो. घरचे म्हणतात, रात्रभर मोबाइल बघतोस, दुसरे काय होणार! औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. संध्याकाळपर्यंत जाळ्याचा धूर होतो आणि त्या डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहराही ओळखता येत नाही.

मग काय होते ते पाहण्यासारखे आहे. दोन-चार आठवडे जातात. धूर हळूहळू विरळ होतो, खाली बसतो आणि नजर जवळजवळ पहिल्यासारखी होते. कोणी थेंबांना श्रेय देते, कोणी गावठी औषधाला, कोणी नवसाला. तरुण कामावर रुजू होतो. रुग्णालयात गेलाच असेल, तर पुढची तारीख लिहिलेला केसपेपर कपाटात जातो. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तोच धूर पुन्हा उतरतो, कधी त्याच डोळ्यात, कधी दुसऱ्या. या वेळी तो तितक्या लवकर ओसरत नाही.

हा प्रकार ज्या आजारात हमखास घडतो त्याचे नाव ईल्स डिसीज. डोळ्याच्या पडद्यावरील, म्हणजे रेटिनावरील रक्तवाहिन्यांचा हा आजार आहे. मधुमेहाने होणाऱ्या पडद्याच्या आजाराच्या मानाने तो दुर्मीळ. युरोप-अमेरिकेत आता क्वचितच दिसतो. भारतीय उपखंडात मात्र रेटिनाच्या डॉक्टरांना तो नेहमी भेटतो. नेत्ररोग विभागात येणाऱ्या दोनशे ते अडीचशे रुग्णांमागे एक, असा भारतातला एक जुना अंदाज सांगितला जातो. रुग्ण बहुतेक वीस ते चाळीस या वयातले आणि त्यांत पुरुषच जास्त. म्हणजे घरात नुकता कमावू लागलेला माणूस.

रक्त येते कुठून आणि जाते कुठे? डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. तिच्या मागे, भिंतीला कागद चिकटवावा तसा पडदा असतो. पडद्यावरची एखादी नाजूक रक्तवाहिनी फुटली की रक्त जेलीत उतरते आणि पडद्याकडे जाणारा प्रकाश अडतो. रात्रभर आडवे झोपल्यावर हे रक्त पसरते, म्हणून सकाळी जास्त अंधूक दिसते. दिवसभर उठून-बसून राहिल्यावर ते खाली बसते आणि दुपारनंतर बरे वाटते. म्हणूनच अशा रुग्णाला डोक्याखाली दोन-तीन उशा घेऊन झोपायला सांगतात. काही आठवड्यांत शरीर हे रक्त शोषून घेते. ओसरते ते एवढेच. ज्या वाहिनीतून ते आले, ती जिथल्या तिथे असते.

बर्मिंगहॅमचे नेत्रशल्यविशारद हेन्री ईल्स यांनी 1880 मध्ये अशा पाच तरुणांची हकिगत प्रसिद्ध केली. पुन्हा पुन्हा डोळ्यात रक्तस्राव होणारे हे तरुण होते. त्यांना नाकातून रक्त येण्याचा आणि बद्धकोष्ठतेचाही त्रास होता, आणि ईल्स यांनी या गोष्टींची सांगड घातली. त्यांच्या मते पोटातील रक्तवाहिन्या आकसत, रक्ताचा भार डोक्याकडे येई आणि डोळ्यातील शिरा फुटत. आज हे वाचून हसू येईल. पण त्यांच्या हातात काय होते? हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये शोधलेले, डोळ्यात डोकावायचे साधे उपकरण आणि दिव्याचा उजेड. पडद्याचा जेवढा भाग दिसला तेवढ्यावर त्यांनी निष्कर्ष काढला. शिरांना सूज असते, ही मुख्य गोष्ट त्यांच्या नोंदीत नव्हती. ती पुढच्या काही वर्षांत इतरांनी दाखवून दिली. बद्धकोष्ठता मागे पडली, आजाराला त्यांचे नाव मात्र कायमचे चिकटले.

ईल्स यांची अडचण समजली तर हा आजार समजायला मदत होते. पडदा साधारण मोठ्या टपाल तिकिटाएवढा. त्याच्या मध्यभागी वाचण्याची, चेहरे ओळखण्याची जागा असते, तिला मॅक्युला म्हणतात. आपण जे ‘दिसणे’ समजतो ते बहुतेक या मधल्या ठिपक्याचे काम. ईल्सचा आजार सुरू होतो तो याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पडद्याच्या कडेला. तिथे बिघाड झाला तरी वाचता येते, गाडी चालवता येते, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. कडेची नजर थोडी कमी झाली तरी दुसरा डोळा ती भरून काढतो. त्यामुळे पहिला रक्तस्राव होईपर्यंत रुग्णाला काहीच कळत नाही. नेहमीच्या कॅमेऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही, कारण त्याचा रोख मध्यभागावर असतो.

कडेला नेमके काय चालते? सुरुवात सुजेने होते. पडद्यावरून रक्त परत नेणाऱ्या शिरांभोवती दाह होतो आणि शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके अस्तर चढल्यासारखे दिसते. पुढे ही शीर जागोजागी बंद पडते. शेतातला निचऱ्याचा नाला गाळाने बुजला की त्याला मिळणाऱ्या लहान चाऱ्या तुंबतात आणि निकामी होतात, तशी बारीक केशवाहिन्यांची जाळी एकेक करून मिटत जाते. पडद्याचा तेवढा तुकडा रक्ताविना राहतो. तो मरत नाही, अर्धपोटी राहतो, आणि भुकेल्या अवस्थेत एक रासायनिक हाक देतो. व्हीईजीएफ नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात तयार होते आणि त्याच्या हाकेने नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात.

ऐकायला हे चांगले वाटते. रक्त कमी पडले, शरीराने नव्या वाहिन्या केल्या! पण या वाहिन्या घाईत बांधलेल्या भिंतीसारख्या कच्च्या असतात. शिवाय त्या उपाशी भागात शिरण्याऐवजी पडद्यावरून उठून जेलीत वाढतात. जेली हलली, ओढ बसली, की त्या फुटतात. तोच काळा धूर. वारंवार असे झाले की त्यांच्याबरोबर चिवट पापुद्रे तयार होतात आणि ते आकसून पडदाच भिंतीवरून ओढून काढतात. नजर कायमची जाते ती बहुधा अशा वेळी.

हे सगळे डोळ्यात डोकावून थोडेफार दिसते. पण कोणती शीर सुजलेली आहे, कुठला तुकडा उपाशी आहे आणि नवी वाहिनी कुठे फुटली आहे, याचा नकाशा मिळतो तो डोळ्याच्या अँजिओग्राफीने. नाव ऐकून लोक दचकतात, कारण अँजिओग्राफी म्हटले की हृदय, मांडीतून किंवा मनगटातून घातलेली नळी, बेड, दाखल होणे डोळ्यासमोर येते. यात तसले काही नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, रुग्णाला कॅमेऱ्यासमोर हनुवटी टेकवून बसवतात आणि हाताच्या शिरेत फ्लुरेसीन नावाचा केशरी-पिवळा रंग टोचतात. दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोहोचतो. निळा प्रकाश टाकला की हा रंग हिरवट पिवळा चमकतो. कॅमेरा फक्त ती चमक टिपतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या वाहिन्यांचे चित्र उमटते. पुढची सुमारे दहा मिनिटे थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे काढत राहतात.

या तपासणीचा जन्म गमतीदार आहे. फ्लुरेसीन रंग 1871 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी तयार केला होता. डोळ्यातील वाहिन्यांची छायाचित्रे त्याने काढण्याची पद्धत मात्र अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील हॅरॉल्ड नोवोत्नी आणि डेव्हिड अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी बसवली. पहिला रंग कोणाला टोचायचा यासाठी त्यांनी नाणेफेक केली. अल्विस हरले आणि डोळा त्यांचा ठरला. त्यांचा निबंध नेत्ररोगाच्या नियतकालिकाने नाकारला. अखेर तो 1961 मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदय व रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. आज रेटिनाचा एकही विभाग या तपासणीशिवाय चालत नाही.

ईल्सच्या रुग्णाची छायाचित्रे क्रमाने पाहिली तर आजाराची गोष्ट उलगडते. निरोगी डोळ्यात रंग धमन्यांतून येतो, जाळीत पसरतो, शिरांतून निघून जातो. शेवटच्या छायाचित्रांत वाहिन्या फिक्या पडतात. मध्ये कुठेही रंग बाहेर झिरपत नाही, कारण पडद्यावरच्या वाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. सुजलेली शीर वेगळी ओळखू येते. बाकीच्या वाहिन्या फिक्या पडल्या तरी तिची भिंत रंग धरून ठेवते. पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल जशी नंतरही दिसत राहते, तशी ती उजळ रेघ शेवटपर्यंत दिसते. सूज अजून चालू आहे याची ती खूण.

कडेला काळे पट्टे दिसतात. तिथे रंग पोहोचलेलाच नाही. रस्ता खचल्यावर जसा अर्ध्यात संपतो, तशा वाहिन्या मध्येच संपतात आणि पुढे नुसता करडा, सपाट भाग. हीच ती उपाशी जमीन. बऱ्याच रुग्णांत रंग मिळणारा भाग आणि काळा भाग यांच्या सीमेवर वाहिन्यांची विचित्र वळणे, गाठी आणि आडवाटा दिसतात. बंद पडलेल्या रस्त्याला रक्ताने काढलेली ही पर्यायी वाट. नव्या वाहिन्याही बहुधा याच सीमेवर फुटतात. त्या ओळखणे सर्वांत सोपे. पहिल्या मिनिटात पांढरा झुबका दिसतो आणि प्रत्येक पुढच्या छायाचित्रात तो पिंजलेल्या कापसासारखा पसरत जातो, कारण कच्च्या भिंतीतून रंग भराभर बाहेर पडत असतो.

आता त्या तरुणाकडे परत येऊ. त्याच्या उजव्या डोळ्यात रक्त भरले आहे. कॅमेऱ्यालाही आत काही दिसत नाही. अशा डोळ्याची सोनोग्राफी करतात. पोटाच्या सोनोग्राफीसारखीच ती पापणीवरून होते, आणि रक्तामागे पडदा जागेवर आहे की निसटला आहे एवढे सांगते. तातडीने कळायला हवे ते हेच. पण मग डॉक्टर डाव्या डोळ्याची अँजिओग्राफी सांगतात आणि इथे ओपीडीत हमखास एक संवाद होतो. “साहेब, दुखणं उजव्या डोळ्याचं. डाव्याला काही झालेलं नाही. त्याचे फोटो कशाला?” सोबत आलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न असतो, आणि त्यात खर्चाची शंका मिसळलेली असते.

शंका चुकीची नाही, उत्तर मात्र महत्त्वाचे आहे. ईल्सच्या बहुतेक रुग्णांत आज ना उद्या दोन्ही डोळ्यांत बदल होतात. दोन्ही डोळ्यांचा आजार एकाच पायरीवर नसतो. एकात रक्तस्राव झालेला असतो, तेव्हा दुसऱ्यात फक्त सूज किंवा कडेचा काळा पट्टा असू शकतो. नजर सहा बाय सहा, तक्रार शून्य. ज्या डोळ्यात काही त्रास नाही, त्याच डोळ्यात या दिवशी सर्वांत जास्त वाचवण्यासारखे असते. शिवाय उजव्या डोळ्यात डोकावता येत नसताना निदानाचा धागा मिळतो तो डाव्यातूनच.

साधा फंडस कॅमेरा एका वेळी पडद्याचा 30 ते 50 अंशांचा भाग टिपतो. रुग्णाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहायला सांगून तुकडे जोडले, तरी अगदी कडा सुटतात. ही उणीव भरून काढणाऱ्या वाइडफिल्ड कॅमेऱ्यामागे एका वडिलांची कथा आहे. स्कॉटलंडमधील डग्लस अँडरसन यांच्या लहान मुलाच्या एका डोळ्याचा पडदा निसटला होता. तो उशिरा लक्षात आला आणि त्या डोळ्याची नजर गेली. लहान मुले तपासणीला स्थिर बसत नाहीत, हे त्याचे एक कारण. अँडरसन हे उत्पादनांची रचना करणारे होते. एका झटक्यात, मोठ्या परिघाचे छायाचित्र काढणारे यंत्र त्यांनी उभे केले. आजचे असे कॅमेरे एका छायाचित्रात 200 अंशांपर्यंत, म्हणजे पडद्याचा सुमारे 80 टक्के भाग दाखवतात. ईल्ससारख्या कडेच्या आजारात याने फार मोठा फरक पडला. आधी ज्या डोळ्यांवर ‘ठीक आहे’ असा शेरा पडला असता, त्यांत काळे पट्टे दिसू लागले.

हे कॅमेरे महाग आहेत आणि सगळीकडे नाहीत. ते नसले म्हणून निदान अडत नाही. बाहुली मोठी करून, डोक्याला लावायच्या दिव्याने आणि भिंगाने अनुभवी डॉक्टर अगदी कडेपर्यंत पाहू शकतात. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि ओपीडीच्या गर्दीत तोच सर्वांत महाग. एक गोष्ट मात्र वाचकांनी लक्षात ठेवावी. आरोग्य शिबिरात किंवा चष्म्याच्या दुकानात काढलेले डोळ्याच्या आतले छायाचित्र बहुतेक वेळा मध्यभागाचे असते. मधुमेहाच्या चाळणीसाठी ते उपयोगी आहे. त्यावर ‘नॉर्मल’ लिहिले असेल, तर त्याचा अर्थ मध्यभाग नॉर्मल एवढाच.

अँजिओग्राफीच्या रंगाबद्दलही थोडे सांगायला हवे. टोचल्यावर अर्धा-एक मिनिट मळमळ होऊ शकते. कातडी दिवसभर पिवळसर दिसते, लघवी गडद पिवळी-केशरी होते. हा कावीळ नव्हे, दुसऱ्या दिवसापर्यंत रंग निघून जातो. अंगावर पित्त उठणे कधीकधी घडते आणि तीव्र ॲलर्जी अगदी क्वचित, म्हणून तपासणीच्या खोलीत तातडीची औषधे तयार ठेवावी लागतात. दमा, पूर्वीची औषधाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर ते आधीच सांगावे. बाहुली मोठी असल्याने काही तास जवळचे अंधूक दिसते. मोटारसायकल चालवत येऊ नये, सोबत कुणीतरी आणावे.

रंग न टोचता वाहिन्यांचे चित्र काढणारी ओसीटी-अँजिओग्राफी आता मोठ्या केंद्रांत मिळते. ओसीटी हे तंत्र 1991 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गटाने मांडले. प्रकाशाच्या साहाय्याने ते पडद्याचा उभा छेद दाखवते, जणू केकची वडी कापून थर पाहावेत. मॅक्युलाला सूज आहे का, तिच्यावर पापुद्रा ओढला गेला आहे का, हे ओसीटीइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. तिचीच पुढची आवृत्ती वाहत्या रक्तपेशींची हालचाल ओळखून वाहिन्या रेखाटते. सुई नाही, मळमळ नाही, दर महिन्याला केली तरी चालते. मग रंगाची अँजिओग्राफी मोडीत निघाली का? ईल्सच्या बाबतीत अजून नाही. रक्त कुठे वाहते आणि कुठे नाही हे ओसीटी-अँजिओग्राफी दाखवते, पण कुठल्या भिंतीतून झिरपते आहे ते दाखवत नाही. सूज चालू आहे की शमली, हा प्रश्न झिरपण्याचाच असतो. शिवाय कडेपर्यंत पोहोचणारी यंत्रे थोडीच. रंग नको म्हणून हट्ट धरणाऱ्या रुग्णाला हे समजावून सांगणे हा डॉक्टरांच्या कामाचा भाग आहे.

चित्रे मिळाली म्हणजे निदान झाले असे नाही. कडेच्या शिरांची सूज आणि काळे पट्टे इतर आजारांतही दिसतात. ईल्स हे निदान बाकीचे आजार वगळल्यावर उरणारे आहे. म्हणून रक्ताच्या तपासण्यांची यादी लांब होते आणि रुग्ण वैतागतो. साखर पाहतात, कारण तिशीतला मधुमेह आता नवलाचा राहिलेला नाही. मधुमेहाचे बदल मात्र बहुधा मध्यभागाच्या आसपास आणि दोन्ही डोळ्यांत सारखे असतात. सार्कोइडोसिस, सिफिलिस, बेहसेट, ल्युपस यांची विचारपूस होते. तोंडात वारंवार फोड येतात का, सांधे दुखतात का, हे प्रश्न डोळ्याचे डॉक्टर विचारतात ते यासाठी.

महाराष्ट्रात आणखी एक नाव या यादीत वर असायला हवे, सिकलसेल. विदर्भातील जिल्हे, नंदुरबार आणि इतर आदिवासी पट्ट्यांत हा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यातही पडद्याच्या कडेच्याच वाहिन्या बंद पडतात आणि सीमेवर नव्या वाहिन्यांचे पंखे फुलतात. समुद्रातल्या पंख्यासारख्या प्रवाळावरून त्यांना ‘सी फॅन’ म्हणतात. फरक असा की तिथे कोयत्याच्या आकाराच्या कडक रक्तपेशी लहान धमन्या बंद करतात, शिरांची सूज नसते. अँजिओग्राफीत शिरेच्या भिंतीला धरलेली ती ओल दिसत नाही. फरक महत्त्वाचा आहे, कारण ईल्समध्ये स्टेरॉइड हे पहिले औषध आणि सिकलसेलच्या रुग्णाला ते फार जपून द्यावे लागते. रक्ताची एक साधी चाचणी आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस एवढ्यावर उत्तर मिळते. 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून ही चाचणी तालुक्यापर्यंत पोहोचते आहे. अशा भागातील तरुण डोळ्यात रक्त आले म्हणून आला, तर ती पहिल्याच दिवशी व्हावी.

क्षयाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. ईल्सचा आणि क्षयाच्या जंतूचा संबंध असावा, असा संशय फार जुना आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत आणि ईल्सही इथेच जास्त, हा योगायोग नसावा. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी काही रुग्णांच्या डोळ्यातून काढलेल्या पापुद्र्यांमध्ये आणि जेलीत क्षयजंतूचे जनुकीय अंश शोधून दाखवले. जिवंत जंतू मात्र सहसा सापडत नाहीत. जंतू डोळ्यात वाढत नसून, त्याच्या प्रथिनांविरुद्ध शरीर जास्त तीव्र प्रतिक्रिया देते आणि त्यात पडद्याच्या शिरा भाजून निघतात, असे बहुतेकांचे मत आहे. छातीचा एक्स-रे, त्वचेवरची माँटू चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी करतात. आपल्याकडे निरोगी माणसातही या चाचण्या होकारार्थी येतात, कारण लहानपणी कधीतरी जंतूशी गाठ पडलेली असते. म्हणून नुसत्या माँटूवरून प्रत्येकाला क्षयाची औषधे द्यावीत का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. शरीरात क्षयाचा पुरावा असेल तेव्हा ती द्यावीत, हे सर्वमान्य आहे. आणि पुरावा शोधल्याशिवाय केवळ स्टेरॉइड सुरू करणे धोक्याचे, कारण दबलेला क्षय उफाळू शकतो. जाता जाता एक सूचना. क्षयाच्या औषधांपैकी एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला बाधा करू शकते. ते चालू असताना रंग फिके वाटू लागले, विशेषतः लाल, तर लगेच सांगावे.

उपचार चित्रांवरून ठरतो, आणि एकाच रुग्णाच्या दोन डोळ्यांना दोन वेगळे उपचार लागू शकतात. शिरांच्या भिंती उजळ दिसत असतील तर स्टेरॉइडच्या गोळ्या, हळूहळू कमी करत न्यायच्या. त्या मनाने बंद केल्या की सूज उलटते. काळे पट्टे मोठे असतील आणि नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर लेझर. लेझर त्या नव्या वाहिनीवर मारत नाहीत, उपाशी पट्ट्यावर मारतात. शेकडो बारीक ठिपके भाजले की त्या भागाची भूक कमी होते, व्हीईजीएफची हाक थांबते आणि नव्या वाहिन्या सुकतात. म्हणूनच काळ्या पट्ट्याची हद्द अचूक माहीत असावी लागते. रक्त पूर्ण भरलेल्या डोळ्यात लेझर आत पोहोचत नाही, ते ओसरताच करावे लागते. नेमके याच दिवसांत रुग्ण ‘आता दिसतंय’ म्हणून घरी बसतो.

लेझरबद्दलचा एक गैरसमज ओपीडीत रोज भेटतो. लेझर केल्यावर नजर वाढेल, अशी अपेक्षा असते. ती वाढत नाही, काही दिवस किंचित अंधूकही वाटते. मग ‘लेझरने डोळा बिघडवला’ अशी तक्रार गावभर होते आणि पुढचा रुग्ण घाबरतो. पुढचा रक्तस्राव टाळणे, एवढाच त्याचा उद्देश. डॉक्टरांनी हे आधी, शांतपणे, नातेवाइकांसमोर सांगितले तर पुष्कळ भांडणे वाचतील.

व्हीईजीएफला अडवणारी इंजेक्शने डोळ्यात देता येतात, पण पापुद्रे तयार झालेल्या डोळ्यात ती जपून वापरतात, कारण पापुद्रे आकसून पडदा ओढला जाण्याची भीती असते. रक्त महिनोन्‌महिने ओसरले नाही किंवा पडदा निसटू लागला, तर व्हिट्रेक्टमी ही शस्त्रक्रिया असते. त्यात जेली व रक्त काढून टाकतात, पापुद्रे सोडवतात आणि आतून लेझर करतात. मध्यभाग शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर चांगली नजर परत येते. डोळ्यासमोर चमक मारणे, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली सरकत येणे, ही पडदा निसटण्याची लक्षणे आहेत. त्यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आजार सहसा काही वर्षे चढ-उतार करतो आणि मग अनेकांत शांत होतो. ही मधली वर्षे पार पाडायची असतात. या काळात दर तीन-चार महिन्यांनी, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बाहुली मोठी करून दोन्ही डोळे तपासावे लागतात आणि गरजेप्रमाणे अँजिओग्राफी पुन्हा होते. नव्या छायाचित्राचा खरा उपयोग ते जुन्याशेजारी ठेवल्यावर होतो. काळा पट्टा मागच्या वेळी कुठवर होता, शिरेची ओल सुकली का, पिंजलेला कापूस लहान झाला का. नोकरीसाठी पुणे, मुंबई, सुरत असे गाव बदलणाऱ्या तरुणाचे जुने फोटो मात्र पहिल्याच रुग्णालयात राहतात आणि नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अँजिओग्राफीचे छापील कागद बहुधा अंधूक असतात. मूळ छायाचित्रे पेन ड्राइव्हवर मागून घ्यावीत. ती देण्यात रुग्णालयाला अडचण नसते. शिवाय घरच्या घरी आठवड्यातून एकदा एकेक डोळा हाताने झाकून समोरच्या भिंतीवरील कॅलेंडर वाचून पाहावे. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्यातला धूर कित्येकदा दिवसचे दिवस लक्षातच येत नाही.